तटस्थ मैदान म्हणजे कोणाचं मैदान?

पुण्यात माझे एक जुने स्नेही आहेत. खेळाचा त्यांचा अभ्यास खरा आहे, वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचून केलेला नाही. मागे एका लग्नासाठी ते धुळ्याच्या देवपुरात आले आणि आमच्याकडेच उतरले. रात्री गच्चीवर बसलो होतो. शेवभाजीच्या तिखटानं डोळ्यांत आलेलं पाणी रुमालानं टिपत त्यांनी आपला सिद्धांत मांडला. "घरच्या मैदानाचा फायदा हे लबाडीला दिलेलं सभ्य नाव आहे. प्रेक्षक ओरडतात, पंच बिचकतो, यजमान जिंकतात. राज्य अजिंक्यपद म्हणा, निवड चाचणी म्हणा, जे महत्त्वाचं असेल ते तटस्थ ठिकाणी घ्यावं. गावोगाव स्पर्धा फिरवायचे लाड आता पुरेत."

"तटस्थ म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"बालेवाडी." म्हणजे पुण्यातलं क्रीडासंकुल. एक क्षणही थांबले नाहीत.

पाहुण्याशी वाद नको म्हणून त्या रात्री मी गप्प बसलो. पण हेच मत मी गेली काही वर्षं बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतो आहे, आणि गंमत अशी की ते सांगणारे बहुतेक सगळे अशा शहरांत राहतात, जिथून तटस्थ मैदान रिक्षाच्या अंतरावर असतं. तेव्हा गच्चीवर गिळलेलं उत्तर आता देतो.

त्यांचं जे खरं आहे ते आधी कबूल करतो. ते मी नाकारू शकत नाही, कारण त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मी स्वतः उभा राहिलेलो आहे.

तीसेक वर्षांपूर्वी मी कबड्डीचा पंच होतो. देवपुरातच एका मैदानावर अंतिम सामना, इथलं एक मंडळ विरुद्ध तालुक्याहून आलेला एक संघ. माती पाणी मारून, रूळ फिरवून घट्ट केलेली, वर फक्कीच्या ताज्या रेषा, चार बांबूंना हॅलोजन. शेवटची दोन मिनिटं, पाहुणे एका गुणानं पुढं. त्यांचा चढाईपटू आत आला. आमच्या डाव्या कोपऱ्यानं त्याचा घोटा धरला आणि बाकीचे तिघं तुटून पडले. पकड झाली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मी गुण दिला.

तो चढाईपटू उठला, अंगावरची माती झटकली आणि एक शब्द न बोलता मला बोटानं खाली दाखवलं. अंतिम रेषेची फक्की बाहेरच्या बाजूला फरफटलेली होती आणि तिच्यापलीकडं, ओलसर मातीत, टाचेचा खळगा. आमच्या कोपऱ्याचा पाय पकड घालण्याआधीच बाहेर गेला होता. म्हणजे बाद तो, चढाईपटू सुरक्षित. त्या जागेपासून मी फार तर सहा-सात फुटांवर उभा होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पंचभाऊ, रातले देवपूरमाच राहनं शे ना?" सगळे हसले. मीही हसलो. निर्णय बदलला नाही. आमचं मंडळ जिंकलं.

लाच मी खाल्ली नव्हती, त्या मंडळाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. धमकीही खरी नव्हती, ओरडणाऱ्याला मी ओळखत होतो, दुसऱ्या दिवशी त्यानंच चहा पाजला. मला ती टाच खरोखर दिसली नव्हती. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट हजारभर माणसांच्या आवाजानं झाकली, एवढंच. यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे आणि माझी खात्री आहे की रिकाम्या मैदानात ती टाच मी पकडली असती.

गच्चीवर त्या रात्री स्नेह्यांनी इंग्लंडमधल्या एका प्रयोगाचा दाखलाही दिला होता, तो मला नवा नव्हता. नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला. ४० फुटबॉल पंचांना एका सामन्यातल्या झटापटींचं चित्रीकरण दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मुकं. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. बारकावा लक्षात घ्या. आवाजानं पंच पाहुण्यांवर तुटून पडत नाही. घरच्यांच्या चुकीपाशी त्याची शिट्टी ओठांवरच राहते. माझ्या त्या टाचेचं याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. स्पेनमध्येही असंच आढळलं: यजमान संघ थोडक्यात मागे असला की पंच जादा वेळ जास्त देतात. मे २०२० मध्ये जर्मनीतली बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियमांत पुन्हा सुरू झाली तेव्हा घरच्या संघांचे विजय घसरले.

हे सगळं मान्य. भांडण याच्या पुढच्या पायरीवर आहे. रोग पंचाच्या कानात, आणि ऑपरेशन मैदानाचं, हे कुठलं वैद्यक?

क्रिकेटनं हा प्रश्न कसा सोडवला ते बघा. १९८६ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात होता. घरच्या पंचांवरून होणाऱ्या आरोपांना कंटाळून इम्रान खाननं लाहोर कसोटीला बाहेरचे पंच आणण्याचा आग्रह धरला. आले कोण? भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर. लाहोरच्या मैदानात, पाकिस्तानच्या सामन्यात, दोन भारतीय पंच! आज ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. पुढं २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे नेमायची पद्धत पडली. मैदान जागच्या जागी राहिलं, प्रेक्षक राहिले, आरडाओरडा राहिला. हलवला तो फक्त पंच. देवपुरातल्या त्या सामन्याला माझ्याऐवजी सांगलीचा किंवा रत्नागिरीचा पंच उभा असता, तर मागून आलेल्या त्या प्रश्नाला काही अर्थच उरला नसता. त्याला रात्री देवपुरात राहायचंच नव्हतं.

आता बालेवाडीकडे वळू. स्नेह्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक लपलेलं आहे: काही मैदानं कोणाची तरी असतात आणि काही कोणाचीच नसतात. मला आजवर कोणाचंच नसलेलं मैदान भेटलेलं नाही.

ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, अंडाकृती मैदानावर अठरा-अठरा जणांनी खेळायचा, हाताला आणि पायाला दोन्हीला मुभा असलेला. या खेळात मैदानाचं एक माप नाही. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर, यात बसेल ते चालतं. जिलाँगचं मैदान चिंचोळं, मेलबर्नचं ऐसपैस. घरच्या मैदानाचा फायदा हा विषय तिथं चहाच्या टपरीवरही चालतो. लीगमध्ये अठरा संघ, त्यातले दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्याचे, आणि अंतिम सामना परंपरेनं मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. एक लाख माणूस बसतं, सोयींना तोड नाही. कागदावर ते तटस्थ. पण २०१८ मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट ईगल्स अंतिम फेरीत आला, तेव्हा समोर होता कॉलिंगवूड, म्हणजे त्याच मैदानावर वर्षभर खेळणारा संघ. पर्थ तिथून जवळपास २,७०० किलोमीटर. वेस्ट कोस्टनं ७९-७४ असा जिंकला तो सामना, तरी वाद काही मिटला नाही, कारण अंतिम सामना मेलबर्नलाच ठेवण्याचा करार २०५० च्याही पुढं गेलेला आहे. कोविडमुळं २०२० ला तो ब्रिस्बेनला आणि २०२१ ला पर्थला न्यावा लागला. दोन्ही वर्षी अंतिम फेरीत पोचले व्हिक्टोरियाचेच संघ. बिचाऱ्या पर्थकरांच्या दारात वरात आली, पण नवरा परगावचा आणि नवरीही परगावची.

इतक्या लांब कशाला जायचं? प्रो कबड्डीचा २०२५ चा मोसम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशा चारच शहरांत झाला. पुणेरी पलटण आणि यू मुंबा, दोघांनाही महाराष्ट्रात एकही सामना मिळाला नाही. अंतिम सामना दिल्लीत, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. दिल्लीनं ३१-२८ असा घेतला. तीन गुण! त्या रात्री स्नेह्यांचा फोन आला, आवाज पडलेला. "दिल्लीत होता हो सामना, काय करणार?"

त्यांच्या दुःखात मी मीठ चोळलं नाही. पण तेव्हा मनात आलेलं आज लिहितो: धुळे, नंदुरबार आणि जळगावची पोरं हेच वाक्य पुण्याहून परतताना वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत, तेव्हा त्याला तुम्ही रडगाणं म्हणत होता.

बरं, खरंच दोघांपैकी कोणाचंच नसलेलं मैदान शोधून काढलं तर? तोही प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. २०१६-१७ च्या मोसमात रणजी करंडकाचे सगळे सामने तटस्थ ठिकाणी खेळवले गेले. घरच्या मैदानावर हवी तशी खेळपट्टी बनवून घेतात, हे कारण. हेतूला नावं ठेवत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली सामना वानखेडेवर झाला. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची अभेद्य भागीदारी ५९४ धावांची. रणजीच्या तोवरच्या इतिहासात एवढी मोठी भागीदारी दुसरी नव्हती. उलट बाजूनं ऋषभ पंतनं ३०८ केल्या. असा सामना पुण्यात झाला असता तर नातवंडांना सांगायला दहा-वीस हजार माणसं तरी असती. वानखेडेवर महाराष्ट्राचं कोण आणि दिल्लीचं कोण? मुंबईकराला दोन्ही परके. त्याच मोसमात बंगाल आणि गुजरात यांचा सामना दिल्लीला ठेवला होता आणि तो प्रदूषणाच्या धुरानं रद्द करावा लागला. कोलकात्याची आणि अहमदाबादची माणसं दिल्लीचा धूर खाऊन परत गेली. पुढच्याच मोसमात मंडळानं घरची मैदानं परत आणली.

खेळपट्टीचा मुद्दा मात्र स्नेह्यांच्या भात्यातला सगळ्यात धारदार बाण आहे, त्यामुळं तो टाळून पुढं जात नाही. यजमान मैदान आपल्या सोयीनं भादरतात हे खरंच आहे. पण भादरून मिळवलं काय, याचा हिशेब आपल्याच राज्यात मांडता येतो. नोव्हेंबर २०१२, वानखेडे: धोनीला पहिल्या दिवसापासून चेंडू फिरणारी खेळपट्टी हवी होती, ती मिळाली, आणि तिच्यावर पानेसर व स्वाननं आपल्याला गुंडाळलं. इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. फेब्रुवारी २०१७, पुण्याचं गहुंजे: फिरकीचा आखाडाच तयार केला होता. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे बारा बळी घेतले, आपण १०५ आणि १०७, पराभव ३३३ धावांनी, वर आयसीसीचा खेळपट्टीला ‘निकृष्ट’ हा शेरा. ऑक्टोबर २०२४, पुन्हा गहुंजे: न्यूझीलंडचा सँटनर, तेरा बळी, २०१२ नंतर घरी एकही मालिका न हरलेला भारत तिथं मालिका हरला. आठच दिवसांनी वानखेडेवर १४७ धावा काढायच्या होत्या, १२१ झाल्या. एजाज पटेलनं त्या सामन्यात अकरा बळी घेतले. हा एजाज जन्मानं मुंबईकर, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्यानं याच वानखेडेवर २०२१ मध्ये एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते. सांगा आता, वानखेडे घरचं मैदान कोणाचं?

उलट नागपूर, ऑक्टोबर २००४. ऑस्ट्रेलिया मालिकेत १-० नं पुढं आणि खेळपट्टीवर हिरवंगार गवत. मैदान भारताचं, गवत मात्र मॅक्ग्रा आणि गिलेस्पीच्या सोयीचं. ३४२ धावांनी हरलो, आणि १९६९-७० नंतर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियानं भारतात मालिका जिंकली. घरचं मैदान म्हणताना आपण घरात एकच माणूस राहतो असं धरून चालतो. तिथं खेळाडू असतो, खेळपट्टी करणारा असतो, संघटना असते, त्यांचं आपसात पटतंच असं नाही. कुठल्या मराठी घरात पटतं?

आणि प्रेक्षक? तो तरी हक्काचा असतो का? मार्च २००६ मध्ये वानखेडेवर तेंडुलकर एका धावेवर बाद झाला तेव्हा त्याच्याच गावच्या लोकांनी हुर्यो केली. २०२४ मध्ये मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला वानखेडेवर आला तेव्हा आवाज असा उठला की संजय मांजरेकरांना लोकांना आवरतं घ्या म्हणायची वेळ आली. त्याआधी २०२२ ला आयपीएलचे सगळे ७० साखळी सामने मुंबई आणि पुण्यातच झाले. बाकी नऊ संघ हॉटेलात, मुंबई इंडियन्स आपल्या गावात. पहिले आठ सामने ओळीनं हरले आणि दहा संघांत दहावे आले. घरचं मैदान म्हणजे जादूची कांडी असती तर हे व्हायला नको होतं.

कबड्डीच्या मैदानाला भादरायला तर काही नसतंच. पुरुषांचं तेरा बाय दहा मीटर, देवपुरात तेवढंच आणि दिल्लीत तेवढंच. फरक असतो तो तळव्याखाली. आमची पोरं मातीत वाढतात. मातीवर पाय घसरतो, म्हणून तो घसरवूनच थांबवायचा असतो. मॅटवर बूट चिकटतो, तिथं गुडघा वेगळा वळवावा लागतो, चवडा वेगळा टाकावा लागतो. गावच्या मैदानावर डोळे मिटून घोटा धरणारा पोरगा पहिल्यांदा मॅटवर उतरला की पाचव्या चढाईला त्याच्या लक्षात येतं की आपण उशिरा पोचतो आहोत. तो घाबरलेला नसतो. त्याचे पाय परगावी आलेले असतात. राज्याच्या सगळ्या निवड चाचण्या मॅटवर घ्यायच्या आणि मॅट मूठभर शहरांत ठेवायच्या, मग त्याला तटस्थ म्हणायचं! कुस्तीत हेच दुखणं माती आणि गादी या नावानं ओळखतात. महाराष्ट्र केसरीला मातीचा विजेता आणि गादीचा विजेता वेगवेगळे ठरतात आणि किताबाची लढत गादीवर होते. सिकंदर शेखसारखा मातीतून आलेला मल्ल नोव्हेंबर २०२३ मध्ये शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत करतो, म्हणून माती कमी पडत नाही असं सांगणारे आहेत. असा एक सिकंदर निघतो. नियम सिकंदरासाठी करायचे नसतात.

महाराष्ट्र केसरीवरून आठवलं. १९६१ ला औरंगाबादला पहिला किताब दिला गेला आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, ती स्पर्धा धुळ्यात झाली. भगवान मोरे केसरी झाले. त्या काळी धुळ्यात कसलं बंदिस्त सभागृह आणि कसल्या सोयी? तरी राज्याच्या मल्लांना पांझरेकाठी यायला कमीपणा वाटला नाही. मग आता ‘गावोगाव फिरवायचे लाड’ हा शब्द कुठून आला?

राहिला प्रवास. स्नेह्यांच्या अभ्यासात हा कुठं दिसला नाही, बहुधा त्यांनी तो कधी केला नसावा. बालेवाडीला शनिवारी सकाळी नऊला हजेरी असेल तर आमचा संघ शुक्रवारी रात्री निघतो. रेल्वे म्हटली तर चाळीसगावचा फाटा, तिचा इथं उपयोग नाही. म्हणून एसटी. बारा पोरं, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, जो बहुतेक वेळा कुणाचा तरी काका असतो. मालेगाव येईपर्यंत दंगा, मनमाडला चहा, येवल्यानंतर झोप लागते न लागते तोच कोपरगावच्या स्थानकात दिवे लागतात आणि कंडक्टर दहा मिनिटं म्हणून ओरडतो. मागच्या आडव्या बाकावर उंच पोरांना बसवायचं असतं, कारण पुढं त्यांचे गुडघे मावत नाहीत. मागं मात्र प्रत्येक खड्ड्याला ढुंगण फूटभर उडतं. नगर ओलांडलं की उजाडायला लागतं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. शिवाजीनगरला उतरून तोंडावर पाणी मारायचं, पोहे खायचे, दुसरी बस धरायची. आणि समोर कोण? रात्री घरी आईच्या हातचं जेवून, आठ तास झोपून, बापाच्या स्कूटरवरून आलेला संघ. यात पंचाची काही चूक नाही, प्रेक्षकांची नाही, मातीची नाही. पूर्वार्धातच आमच्यावर दोन लोण चढतात. लोक म्हणतात, खानदेशच्या पोरांचा दम कमी पडतो. दम कमी पडत नाही हो, झोप कमी पडते.

कोविडच्या आकड्यांतही हे दिसतं, फक्त लोक अर्धंच वाचतात. प्रेक्षक काढून घेतल्यावर घरच्यांचा फायदा कमी झाला, पण बहुतेक ठिकाणी तो नाहीसा झाला नाही. उरलेला भाग म्हणजे आपलं अंथरूण, आपलं पाणी, आपली ओळखीची हवा. एप्रिलच्या दुपारी देवपुरात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला खेळायची आमच्या पोरांना सवय असते. किनाऱ्यावरून आलेल्या संघाची जीभ टाळूला चिकटते. कोकणात गेलं की दमट हवेत आमचा घाम सुकत नाही आणि आम्ही लोंबकळतो. याला लबाडी म्हणायचं असेल तर मे महिन्यावरच खटला भरा.

तेव्हा माझं म्हणणं असं. घरचं मैदान कोणाचं काढून घेऊ नका, आजवर ज्यांना मिळालं नाही त्यांनाही द्या. फायदा असायचाच, तो एकाच गावात साठू देऊ नका. यंदा सांगली, पुढच्या साली परभणी, मग धुळे, असा फिरू द्या. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटनं २०१६ पासून काही वर्षं पाहुण्या कर्णधाराला नाणेफेक न करताच आधी गोलंदाजी घेण्याची मुभा दिली होती, यजमानांनी खेळपट्टी भादरली तर त्यांनाच जाच व्हावा म्हणून. आपल्यालाही असं करता येईल. कबड्डीत नाणेफेक बंद करा. चढाई हवी की अंगण, पाहुण्यांना विचारा. पंच, सरपंच आणि गुणलेखकसुद्धा तिसऱ्या विभागातले आणा. आमच्या कुणालाही शिट्टी देऊ नका, मला तर मुळीच नको. पाहुण्या संघांना एक दिवस आधी बोलवा आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च संघटनेनं करावा. बक्षिसाच्या ढाली थोड्या लहान केल्या तर तेवढे पैसे निघतात. मॅट एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात टेम्पोनं जाते, तिला आरक्षण लागत नाही.

राज्यातल्या कबड्डीच्या कारभाऱ्यांना आणि माझ्या पुण्याच्या स्नेह्यांना एकच विनंती. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक ठरवायला बसण्याआधी एकदा देवपूरला या. उतरायची सोय आमच्याकडे आहे, शेवभाजी कमी तिखट करायला सांगतो. फक्त येताना गाडी आणू नका. शिवाजीनगरहून रात्रीची एसटी धरा, मागच्या आडव्या बाकावर बसा, आणि सकाळी नऊ वाजता मैदानावर भेटा.